बाईंच्या खळ्यातली सायकल

भाडेकरू ठेवण्याआधी बाई एकच प्रश्न विचारायच्या. आम्ही त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या बघायला गेलो, तेव्हा त्यांनी तो आम्हालाही विचारला.

"नळाचा वायसर बदलता येतो का?"

बाबा हसले. दिघीला धक्क्यावर बोटींचं वर्कशॉप आहे, तिथे ते फिटर. म्हणाले, "बाई, माझं तेच काम आहे."

"तुम्हाला नाही विचारलं. यांना विचारलं." बाईंनी आईकडे बोट दाखवलं.

आईला येत नव्हतं. बाईंनी त्याच दुपारी तिला मोरीत बसवून नळ खोलायला लावला, जुना वायसर काढून नवा घालायला लावला, आणि आईची साडी गुडघ्यापर्यंत भिजल्यावर खोल्यांची चावी तिच्या हातात दिली. बाबांच्या नाही.

त्या घरात 'कुणाला तरी बोलवा' हे वाक्य चालत नसे. जी वस्तू ज्याच्या हातून बिघडली, ती त्याने आधी स्वतः उघडून बघायची. दुरुस्त झाली नाही तरी चालेल, पण उघडायची. माझ्या आत्येभावाचा धक्का लागून बाईंचं भिंतीवरचं घड्याळ पडलं, तर पाहुणा म्हणून आलेल्या त्या बिचाऱ्याला जेवणाआधी ते खोलून बसावं लागलं. घड्याळ पुन्हा कधी चाललं नाही. बाईंनी ते तसंच परत खिळ्याला लावलं, आणि तो पुढे जेव्हा जेव्हा आला तेव्हा त्याला कौतुकाने दाखवलं, "हे बघ, तू उघडलेलं."

बहुतेक माणसं चिडली की गावच्या बोलीवर येतात. बाईंचं उलटं होतं. खुशीत असल्या की 'व्हय गो बाय', आणि रागावल्या की थेट पाठ्यपुस्तक. पुढच्या पडवीतून "हे आपण अत्यंत अयोग्य केलेले आहे" असं ऐकू आलं की आम्ही मागच्या दाराने सुपारीच्या वाडीत पळायचो.

खाऱ्या वाऱ्याने लोखंड सडतं म्हणून त्या घरातल्या प्रत्येक बिजागरीला, कडीला, विळीला माशाचं तेल लावायच्या. कोळी लोक होड्यांना लावतात तेच, कोळीवाड्यातून बाटली भरून आणलेलं. गंज कशालाच चढला नाही, पण घराला असा वास की गावातली मांजरं आमच्या दाराच्या कड्या चाटत बसलेली असायची. नवी माणसं नाकाला रुमाल लावून आत येत. बाई त्यांना म्हणायच्या, "वास जातो. गंज जात नाही."

मी पत्रकांवर वाढले. युनियनचं, वस्तीचं, पाण्याचं, रस्त्याचं, जयंतीचं, गावात निघणारं प्रत्येक पत्रक बाबा लिहायचे, आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्या प्रुफांवर. मजकूर कच्चा झाला की बाबा तो घेऊन पुढच्या पडवीत जायचे आणि बाई तांबड्या पेनाने त्यातली उद्गारचिन्हं खोडायच्या. "ओरडताय कशाला? सांगा." एका पत्रकाला एकच उद्गारचिन्ह मिळे, आणि ते कुठे घालायचं यावर दोघांचं भांडण होई. छापून उरलेले गठ्ठे त्या टाकू देत नसत. त्यांची कपाटं, फळ्या, डब्यांची बुडं, सगळं आमच्या मागण्यांवर उभं होतं. आणि छापलेला कागद हातात आला की तो शेवटपर्यंत वाचायचा, अगदी खाली बारीक टायपात छापखान्याचं नाव येईपर्यंत. औषधाच्या खोक्यातली घडी असो, बियाण्याची पिशवी असो. लग्नपत्रिकेतल्या चुका तर त्या दुरुस्त करून ज्याच्या त्याला परत पाठवायच्या, वर "वधूवरांस शुभेच्छा" असं लिहून.

लोक त्यांना चक्रम म्हणायचे. मी म्हणत नाही, कारण मला हातपंपाची गोष्ट माहीत आहे.

नोकरीच्या सुरुवातीला बाई आतल्या एका भातशेतीच्या गावात शिक्षिका होत्या. शाळेपुढचा हातपंप बंद पडला आणि दुरुस्तीला कुणी येईना. बाईंनी सातवीच्या मुलींना घेऊन तो खोलला. त्या मुलींतल्या बऱ्याच आमच्या समाजाच्या, बाई स्वतःही आमच्यातल्याच. पंपाला पाणी आलं, तर वरच्या आळीत कुजबुज सुरू झाली की या पोरींचे हात पंपाच्या पोटात गेलेत. बायका घागरी घेऊन लांबच्या विहिरीवर जाऊ लागल्या. बाईंनी ना तक्रार केली, ना कुणाला समजावलं. त्या रोज पंपापाशी उभ्या राहिल्या. ऊन वाढलं तशी लांबची वाट जड झाली आणि एकेक घागर परत आली. बाईंनी कुणाला अडवलं नाही. फक्त प्रत्येकीला पाणी भरण्याआधी विचारलं, पंप कुणी दुरुस्त केला? मुलींची नावं घेतल्याशिवाय दांडा हातात मिळत नव्हता. त्या सांगायच्या, "पाण्याला हात लावायचा हक्क आपल्या आजोबांनी मिळवला. पंप उघडायचा हक्क कुणी दिला नव्हता, तो आम्ही नुसताच घेतला." हे सांगताना त्यांच्या तोंडी पूर्ण बोली असायची.

आता सायकलीचं सांगते.

माझी धाकटी बहीण संघमित्रा, घरातली मित्रा, दहावी झाली आणि तिला श्रीवर्धनच्या कॉलेजात अकरावी सायन्सला जागा मिळाली. त्याच उन्हाळ्यात आमच्या गावची सकाळची एसटी गाडी बंद झाली. पुढची गाडी पोचेपर्यंत निम्मे तास बुडणार. बाबांची पाळी सकाळची, तीही उलट्या दिशेला. मी तेव्हा बी.ए. संपवून घरीच होते. मी तापले आणि बसल्या बैठकीला पत्रक लिहून काढलं. बाईंनी त्यातलं एक सोडून बाकी सगळी उद्गारचिन्हं खोडली आणि म्हणाल्या, "चांगलं झालंय. काढ. पण कॉलेज सोमवारपासून आहे. सोमवारी ती कशावर बसून जाईल, पत्रकावर?"

बाईंचं म्हणणं, मित्राने सायकलने जावं; चालवायला ती शाळेत असतानाच शिकली होती. बाबा नको म्हणाले. वाटेत खिंड लागते. दोन्ही अंगांना काजू आणि रान, एक घर नाही, मोबाईलला रेंज नाही. तिथे चेन पडली, चाक बसलं, तर पोरीने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? एक वर्ष घरी राहू दे, गाडी सुरू झाली की बघू.

हे म्हणणाऱ्या माणसाने मुलींच्या शिक्षणावर पत्रक लिहिलं होतं. त्याचा मथळा मला पाठ होता: आपल्या मुलींची वाट कोण अडवतो? मी तो त्यांना तोंडावर ऐकवला. घरात मोठं भांडण झालं. मुलीचं शिक्षण थांबवायला दुष्ट माणूस लागत नाही, काळजी करणारा बाप पुरतो, असं मी त्या दिवशी बोलले आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेत नाही. 'एक वर्ष' म्हणून घरी बसवलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या पुढच्या वर्षी कॉलेजात दिसत नाहीत, मांडवात दिसतात. मित्राही त्या पाहून होती. तिने जेवण टाकलं नाही की रडली नाही, नुसती नवी वह्यापुस्तकं पिशवीतून बाहेर काढायची थांबली.

बाईंनी भांडण शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "चेन पडली तर ती बसवेल."

"तिला पाना धरता येत नाही, बाई."

"आपण तो तिला कधी धरू दिलात काय?"

भाषा शुद्ध झाली होती. आणि ते खरं होतं. बाईंचा नियम नळाला आणि शेगडीला लागू. पण बाईंची पाठ वळली की आमच्या मोडक्या वस्तू बाबाच गुपचूप दुरुस्त करायचे. फिटरच्या घरात पान्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. तेही प्रेमापोटी. 'दे इकडे, मी करतो.'

शेवटी ठरलं ते असं. बाबा सायकल आणतील, पण खोक्यातली, न जोडलेली. रविवारी मित्रा ती बाईंच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आपल्या हाताने जोडेल आणि संध्याकाळी समुद्रापर्यंत जाऊन परत येईल. सायकल धड परत आली तर सोमवारी कॉलेज. मग बाबांनी त्यांची अट घातली: मधे एकदा जरी मला हात लावावा लागला किंवा चूक सांगावी लागली, तर या वर्षी कॉलेज नाही. रानात मी नसणार आहे, म्हणून इथेही नाही. बाईंनी अट लगेच मान्य केली आणि आपली वर चढवली. बाबांनी पडवीत समोर बसायचं, आत जाऊन लपायचं नाही.

सायकल आणायला बाई बरोबर गेल्या. दुकानदार म्हणाला, बाई, जोडून देतो, फुकट. बाई म्हणाल्या, फुकट तर मुळीच नको. त्याने गिअरची दाखवली. बाईंनी साधी, बिनगिअरची घेतली. "उघडल्यावर सगळी दिसली पाहिजे. चढ आला तर तिने उतरावं. उतरण्यात कमीपणा नाही." इतका अधिकार गाजवणाऱ्या बाईंना सायकल चालवता येत नव्हती, आणि ती कशी जोडतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. हे दुकानदाराला कळलं असतं तर त्याने खोकं परत घेतलं असतं.

रविवारी पावसाने उघडीप दिली होती, तरी वर ताडपत्री बांधली. खाली बाईंनी पत्रकं पसरली, नटबोल्ट चिखलात हरवू नयेत म्हणून. गठ्ठा कुठला, तर मुलींच्या वाटेचाच. मथळा वर, आणि वाचणाऱ्याचं तोंड पडवीकडे असेल अशा बेताने. हाताला लागला तो घेतला, असं त्या म्हणाल्या. बाबा खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले.

खोक्यात इंग्रजी माहितीपत्रक होतं. बाईंनी चष्मा लावून ते पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. अभिनंदन, आपण आमचे उत्पादन निवडलेत. प्लास्टिकची पिशवी लहान मुलांपासून दूर ठेवा. मित्रा हातात पाना घेऊन ताटकळली.

"बाई, जोडायचं कुठनं ते वाचा ना."

"सगळं वाचायचं. मधलं गाळलंस तर तेच अडेल."

मित्राने हँडल बसवलं, एल आकाराच्या चावीने बोल्ट आवळला, पुढचं चाक चिमट्यात, म्हणजे हँडलखालच्या दोन दांड्यांत, घातलं. मला सायकलीतलं काही कळत नव्हतं, पण मी बाबांना ओळखत होते. त्यांची मान ताठ झाली. एक पाय हलायला लागला. मग ते खोकले.

बाईंनी कागदातून मान वर केली नाही. "खोकायचे नाही."

मित्राने बाबांकडे पाहिलं. बाबांनी सुपारीच्या शेंड्यांकडे पाहिलं. काहीतरी चुकलंय हे आता तिलाही कळलं होतं, मलाही, आणि बहुधा बाईंनाही. काय चुकलंय ते फक्त बाबांना माहीत, आणि त्यांनी सांगितलं तर कॉलेज गेलं. नाही सांगितलं तर पोरगी चुकीची सायकल घेऊन रस्त्यावर जाणार. त्यांच्याच अटीने त्यांना खुर्चीला बांधून ठेवलं होतं.

पेडल बसवताना उजवं सरळ गेलं आणि डावं काही केल्या आटे धरेना. मित्रा जोर लावायला निघाली, तेवढ्यात बाईंच्या वाचनात ती ओळ आली: डावे पेडल उलट्या दिशेने फिरवावे. बाईंनी नुसती चष्म्यावरून एक नजर टाकली. मित्रा त्यानंतर एकदाही 'जोडायचं कुठनं ते वाचा' म्हणाली नाही.

मागच्या चाकापाशी ती खूप वेळ अडली. गिअर नसलेल्या सायकलीत चेन ताणायची ती चाकच मागे ओढून. ओढलं तर चाक तिरकं बसे आणि टायर एका अंगाला घासे. सरळ केलं तर चेन ढिली. मग चेन इतकी आवळली की पेडल मारल्यावर कण्हायला लागली. तिने नट सैल केला, पुन्हा केला, हाताची साल निघाली. मग अचानक उठली, खालचं एक पत्रक उचललं, त्याच्या घड्यांवर घड्या घातल्या आणि ती जाड घडी चाक आणि सांगाडा यांच्या फटीत सरकवली. एका बाजूला अडकली. दुसऱ्या बाजूला सैल. दोन्हीकडे सारखी सरकेपर्यंत ती चाक केसाकेसाने हलवत राहिली, आणि मगच नट आवळले. चेन बोटाने दाबली तर थोडीशी झुलली, तेवढीच झुलायला हवी असं कागदात होतं.

पडवीत बाबांनी हात मांडीखालून काढले आणि स्वतःच्या गुडघ्यावर मारले. वर्कशॉपमध्ये फट मोजायला ते पोलादाच्या पातळ पट्ट्या वापरतात, हे मला नंतर कळलं. मित्राला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

ब्रेक झाले, सीट झाली. मित्रा सायकलवर बसली, खळ्यात वळायला गेली आणि तिच्या चपलेचं टोक पुढच्या चाकाला अडकलं. ती पडली नाही, उतरली. पुन्हा बसली, पुन्हा अडकलं. तिने सायकल भिंतीला टेकवली आणि लांब जाऊन उभी राहिली. मग दुसऱ्या बाजूला गेली. कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. बाबांचा श्वास मला माझ्या जागेवरून ऐकू येत होता.

"बाई," ती म्हणाली, "हिचा ब्रेक मागं बघतोय. चिमटा उलटा हाय."

बाईंना काय कळणार. त्यांनी कागदावरचं चित्र तिच्यापुढे धरलं. चित्रात ब्रेक चिमट्याच्या पुढे होता, आमचा मागे, आणि त्याची तार हँडलच्या दांड्याला वेढा घालून गेली होती. खोक्यात चिमटा फिरवून ठेवलेला असतो; मित्राने तो होता तसाच धरून त्यावर हँडल चढवलं होतं. आता तिने हँडलचा बोल्ट सोडला, चिमटा फिरवला, तारेचा वेढा काढला, पुन्हा सगळं सरळ रेषेत आणून आवळलं. मघापेक्षा निम्म्या वेळात. बाबांनी डोळे मिटून मान मागे टाकली.

मग बाईंनी तेल आणलं. सायकलीच्या प्रत्येक नटाला, चेनला, तारांच्या टोकांना माशाचं तेल. मित्राने तोंड वाकडं केलं, पण नको म्हणाली नाही. संध्याकाळी ती वाडीतल्या वाटेने समुद्राकडे निघाली, तेव्हा तिच्या मागे गावातली मांजरं निघाली. ओहोटी होती. आम्ही माडाखाली उभे राहून बघत होतो, ओल्या घट्ट वाळूवर ती एक मोठं वळण घेऊन परत फिरली, ओढणी कमरेला बांधलेली, पाठ ताठ. आई म्हणाली, "राणीसारखी चाललीय बघ." मी राजाराणीच्या उपमांच्या विरोधात आहे. पण ती एक मी चालू दिली.

सायकल खळ्यात परत आली, तेव्हा बाई बाबांना म्हणाल्या, "आता हात लावा."

बाबांनी एकेक नट पान्याने तपासला. पुढचं चाक, मागचं चाक, सीट, हँडल. सगळं तपासून झालं तरी त्यांना आवळायला काही सापडलं नाही. मग ते उठून आत गेले आणि कामाच्या पिशवीतून आपला जुना पाना घेऊन आले, मुठीत धरून धरून ज्याचा दांडा गुळगुळीत झालाय तो. मित्राच्या हातात दिला.

"हा राहू दे तुझ्याकडे."

"मग कामावर तुम्हाला?"

"मी नवा घेईन."

सोमवारी मित्रा कॉलेजला गेली. पावसाळा सरत आला असताना एकदा तिला यायला उशीर झाला. बाबा गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. ती आली ती कोपरापर्यंत काळी, गालावर तेलाचा पट्टा. खिंडीत चेन पडली होती, एवढंच म्हणाली, बाजारात गेले होते म्हणावं तशी. बाईंनी पडवीतून उतरून तिचे दोन्ही हात उजेडात धरले, उलटेसुलटे केले, आणि म्हणाल्या, "व्हय गो बाय. आता ती तुजी झाली."

सायकलीमुळे गाडीचा प्रश्न सुटला असं कुणी म्हणू नये. सकाळची गाडी हा आमचा हक्क आहे आणि ती अजून सुरू झालेली नाही. फरक इतकाच की आता आमची पत्रकं मित्राच्या कॅरिअरवरून गावोगाव जातात, आणि ज्या मुलींनी ती लिहायची त्या घरी बसलेल्या नाहीत.

बाई गेल्याला दोन पावसाळे झाले. शेवटच्या दुखण्यातही सलाईनचा थेंब कमीजास्त कसा करतात हे नर्सकडून समजून घेतल्यावरच त्यांनी हात पुढे केला होता. घर त्यांच्या भाचीकडे गेलं आणि आम्ही भाडेकरू म्हणून तसेच राहिलो. बंद घड्याळ भिंतीवर आहे. कड्यांचा वास गेलेला नाही.

या जूनमध्ये खळ्यात पुन्हा ताडपत्री बांधली. शेजारच्या गावातली, वरच्या आळीतली एक मुलगी खोकं घेऊन आली होती, बरोबर तिचे सुपारीबागायतदार वडील. मित्रा बी.एस्सी.ला आहे, ती चष्मा नसतानाही माहितीपत्रक नाकाजवळ धरून पहिल्या ओळीपासून वाचायला बसली. पत्रकं बाबांनी पसरली, या वेळी गाडीची, मी लिहिलेली. मथळा वर. त्या मुलीने हँडल घातलं, चाक घातलं, आणि पडवीत तिच्या वडिलांची चुळबुळ सुरू झाली. त्यांनी पाय हलवला. मान ताठ केली. घसा खाकरला.

शेजारच्या खुर्चीत बाबा दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले होते. समोरच बघत, हळू आवाजात म्हणाले,

"खोकायचं न्हाय."